मलमवाल्यांचा गुडघा

“गुडघा तुझा असता, तर मी सरळ विश्रांती लिहून दिली असती,” क्लबचे डॉक्टर म्हणाले.

आघाडीपटू तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसला होता. उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. पण तो गुडघा त्याचा नव्हता. हंगामाच्या सुरुवातीलाच क्लबने तो सांधेदुखीचं मलम बनवणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी देऊन टाकला होता. त्यावर कायम हिरवं लेबल चिकटवलेलं असे, आणि करारात स्वच्छ म्हटलं होतं की हा गुडघा दुखणार नाही. बर्फ लावायचा नाही, पट्टी बांधायची नाही, चारचौघांत लंगडायचं नाही. मैदानात पडलाच, तर लेबल कॅमेऱ्याकडे करून पडायचं. बाकीच्या संघाचं तरी काय वेगळं होतं? गोलरक्षकाचं कपाळ बिस्किटवाल्यांनी घेतलं होतं, त्यामुळे त्या बिचाऱ्याला घाम पुसायचीही चोरी होती.

“आणि असाच खेळत राहिलो तर?” आघाडीपटूने विचारलं.

डॉक्टरांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. “अजून एक-दोन सामने. मग जिना चढायलाही कुणाचा तरी हात धरावा लागेल. हे मी बोललो नाही आणि तू ऐकलं नाहीस.”

आता एकच वाट उरली होती. या क्लबात संघ कोच निवडत नसे. सामन्याच्या सकाळी कोचला फोनवर अकरा नावं येत, आणि तोही इतरांसारखाच ‘अरे वा’ म्हणून ती वाचत असे. कुणाला खेळवायचं हे मोबाइलवर कोणाविषयी काय बोललं जातंय त्यावर ठरे. आणि तिथे तर आघाडीपटूची अब्रू रोजच वेशीला टांगलेली असायची. फटकळराव नावाचा कुणी एक इसम हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. ‘हे लंगडं वासरू मैदानात सोडता कशाला? घरी बसवा.’ ‘याला अंथरुणात घाला आणि महिनाभर उठू देऊ नका.’ ‘याच्या आईने याला काही वळण म्हणून लावलं नाही.’ एकेका वाक्यावर हजारो लोक खिदळत आणि वर आपली भर घालत. आघाडीपटूला ते फार लागायचं. आईबद्दलचं वाक्य वाचलं त्या दिवशी तर त्याला जेवण गेलं नव्हतं. आज मात्र पहिल्यांदाच त्याला वाटलं, चला, शिव्या तरी कामाला येतील.

तो लंगडत, चुकलं, अजिबात न लंगडता प्रसिद्धीप्रमुखाच्या खोलीत गेला.

“साहेब, लोकांना मी नकोय. तुम्हीच वाचा ना काय काय लिहितात ते. बसवा मला थोडे दिवस बाहेर.”

प्रसिद्धीप्रमुखाच्या दोन्ही हातांत एकेक फोन होता. तो इतका हसला की दोन्ही खाली ठेवून त्याला खुर्ची धरावी लागली.

“अरे वेड्या, तू नकोयस म्हणूनच तर लोक येतात! मधल्या फळीतला तो गुणी खेळाडू आठवतो? जो तो त्याला ‘छान खेळतो’ म्हणायचा. एक माणूस वाकडा शब्द बोलेना. छान छान वाचायला कोण येतं रे? काढला त्याला. तुझं तसं नाही. हा फटकळराव आहे तोवर तुझी जागा पक्की. देवमाणूस आहे तो! त्याला शोधून काढून त्याचा सत्कार करायचाय आपल्याला.”

घराचा जिना आघाडीपटू कठडा धरून चढला. इथे कॅमेरा नव्हता, म्हणून अगदी मनसोक्त लंगडला. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. पहिलीतल्या पोरासारखी ती एकेक शब्द मोठ्याने म्हणत होती.

“या... लंगड्या वासराला... लाज... कशी... वाटत नाही...”

आवाज थांबला आणि त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने काढून पाहिलं. फटकळरावाचं नवं वाक्य येऊन पडलं होतं. ते त्याने आत्ताच स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आईने चष्म्यावरून पाहिलं आणि हातातला फोन झटकन वाटाण्याच्या टरफलांत खुपसला.

“आई, तू?”

“मग काय करू?” चोरी पकडली गेली तशी ती उलट उसळलीच. “झोपेत कण्हतोस ते मला ऐकू येत नाही का? डॉक्टर काही लिहून देत नाहीत, कोचला कुणी विचारत नाही. तूच म्हणालास ना, आता सगळं या फोनवरच्या बोलण्यावर ठरतं म्हणून? मग शिकले शिव्या. शेजारच्या वहिनींनी शिकवल्या. तुला संशय येऊ नये म्हणून एकदा स्वतःलाही बोल लावून घेतला.”

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतके दिवस ज्या माणसाचा तो मनातल्या मनात गळा दाबत होता, तो माणूस आता शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरत होता. आईने त्याला खुर्चीत बसवलं. ते हिरवं लेबल नखाने हळूहळू सोलून काढलं, चुरगळून टरफलांत टाकलं आणि गुडघ्यावर पिशवी धरली.

“काढतील ना रे तुला आता?” तिने विचारलं. “आज मी फारच लागट लिहिलंय.”

खिशातला फोन थरथरायचा थांबत नव्हता. लोक खिदळत होते. आईच्या आशेने त्याच्याकडे लागलेल्या डोळ्यांकडे त्याला बघवेना.

“आई,” तो म्हणाला, “आजपासून माझं कौतुक करत जा. लोकांना जांभया येईपर्यंत.”