आत सरकलेली भिंत

साखर कारखाने बंद झाले आणि वाघदऱ्याची माणसं ऊसतोडीहून घरी परतली. दुसऱ्याच दिवशी ऐश्वर्या दप्तर घेऊन शाळेत आली, पण वर्गात तिला पाय ठेवायलाही जागा नव्हती. पोरं आईबापांमागे गेली, तशी वर्गाची भिंत हजेरी मोजत आपोआप आत सरकत आली होती. पलीकडे मोकळ्या झालेल्या जागेत कुणाचं तरी गोदाम थाटलं होतं.

वर्गाच्या केकाणबाईंनी तालुक्याच्या अभियंत्याला फोन लावला. "साहेब, पोरं परत यायला लागलीत. भिंत होती तिथे नेऊन द्या."

"बाई, भिंत आत घेतली की बचत होते. बाहेर ढकलली की ते नवीन बांधकाम. शाळेच्या नव्या जागेवर सरकारी पैसा घालायला कायद्याने बंदी आहे."

"अहो, पण जागा आमचीच होती."

"होती ना. आता ती नवी धरतात."

बाईंनी पोरांना आणखी चिकटून बसवलं आणि ऐश्वर्याला आत घेतलं. भिंतीच्या हिशेबात एक डोकं जास्त झालं, त्याबरोबर पंखे थांबले, फळ्यावरची अक्षरं विझली. सगळी पोरं ऐश्वर्याकडे बघू लागली. कुणी न सांगताच ती उठली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली. फळा पुन्हा उजळला.

दारात तिची आई उभी होती. "असू द्या, बाई. तुमचा तरी काय इलाज? तोडीचा मुकादम म्हणालाय, पुढच्या हंगामाला पोरीचाही अर्धा कोयता धरतो, एका माणसाची मजुरी देतो."

पोरीला तोडीला नेऊ नका, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तिला बसवायचं कुठे?