सॉरी मॅडम, आय अ‍ॅम लॉस्ट

मंगळवार पेठेतली सौंदर्या नर्स होती. आयर्लंडच्या एका दवाखान्यातल्या बाई तिची मुलाखत मोबाईलवर घेत होत्या. त्यांनी एका औषधाचा डोस भरभर सांगितला आणि विचारलं, "पेशंटला किती देशील?" सौंदर्याला काही कळलं नाही. अंदाजानं सांगावं असं वाटलं, पण ती म्हणाली, "सॉरी मॅडम, आय अ‍ॅम लॉस्ट." बाईंनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा कळलं, तेव्हाच तिनं उत्तर दिलं.

फोन ठेवताच तिला रडू फुटलं. "आप्पा, नोकरी गेली. तीनदा सांगायला लावलं की मी."

"मग कळलं न्हवं शेवटी?" वडील म्हणाले.

संध्याकाळी मेल आला. तिनं तो आप्पांना मराठीत सांगितला.

"तो डोस पहिल्यांदा मुलाखतीच्या सात जणींपैकी कुणालाच कळला नव्हता. तरी सहा जणींनी लगेच उत्तर दिलं. तुम्ही कधी रुजू होताय?"