सगळीकडे आठ

“साहेब, तुमी खोटं लिवलंय. आणि वर त्या खोट्याखाली माझी सही मागता!”

लहू कोळी हे हळू बोलला नाही. मढच्या किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेल्यांचे हात थांबले. समोर खात्याचा साहेब, एका हातात छत्री, दुसऱ्यात पावती. ‘योजनेतून नवीन फायबर होडी सुस्थितीत मिळाली.’ जोडीला तपासणी करणाऱ्या कंपनीचा अहवाल. बुडाची जाडी सगळीकडे आठ मिलिमीटर, होडी दर्यासाठी मजबूत.

लहूने मूठ उघडली. सकाळी मेकॅनिकने इंजिनाच्या पाइपांसाठी बुडाला तीन भोकं पाडली, त्यातून निघालेल्या तीन चकत्या. एक भाकरीएवढी जाड, एक चपातीएवढी.

“मडकं घेताना बायका चारदा ठोकून बघतात,” मथुरा नवऱ्याच्या मागून म्हणाली. “ही होडी कुणी ठोकली रे भाऊ?”

“मावशी, आता ठोकायचं काम कम्प्युटर करतो,” साहेब म्हणाला.

लहू-मथुराचा मुलगा निमेश मघापासून होडीभोवती फेऱ्या मारत होता. एका जागी उभं राहवत नव्हतं. चकत्या त्यानेच मोजल्या होत्या. आठ पॉइंट दोन, सहा, तीन पॉइंट नऊ. पवईच्या ऑफिसात त्याने हेच बूड ताकद तपासायला स्क्रीनवर हजारो तुकड्यांत कापलं होतं, आणि प्रत्येक तुकड्याला जाडी द्यावी लागते. फायबरची होडी हातानेच बनते. माणूस काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर टाकतो, वर चिकट रेझिन फासतो, जेवणाची सुट्टी झाली की एखादा थर राहतो. म्हणून निमेशने कुठे नऊ, कुठे सहा, कुठे चार टाकून पाहिलं होतं. चारच्या जागी बूड लालभडक. मोठ्या लाटेच्या दणक्याला फाटत होतं. त्याने ते ऑफिसातल्या वरच्या शौनक सरांना दाखवलं. सर हसले.

“अरे, आपण ड्रॉइंग तपासतो, होडी नाही. ड्रॉइंगवर आठ आहे ना? सगळीकडे आठ टाक.”

त्याने टाकलं. स्क्रीन हिरवीगार झाली. होड्या कुठल्या गावाला जाणार, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

“ही बघा, इंजिनिअरची सही आहे,” साहेबाने पान उलटलं. “निमेश लहू...” तो अडखळला. मान वर करून बघू लागला.

लहूने मागे वळून पाहिलं नाही. पाठ तेवढी ताठ झाली. मथुराने पाहिलं.

“तुझी हाय?”

“माझीच.”

“तू मोजली होतीस?”

“नाय गं. आकडा वरून आला, मी टाकला.”

“हातानं टाकलास ना? मग हे पण धर.” तिने सगळ्यात पातळ चकती त्याच्या हातावर आपटली.

साहेबाचा जीव मात्र भांड्यात पडला. आवाजात साखर आली. “म्हणजे घरचंच प्रकरण निघालं की! लहूभाऊ, ही होडी मी परत घेतो. पंधरा दिवसांत दुसरी, मी स्वतः उभा राहून मोजून देतो. पोराच्या नोकरीलाही धक्का नको. बोला, झालं समाधान?”

लहूचे ताठलेले खांदे सैल झाले. सौदा वाईट नव्हता. बाजूची माणसं पुन्हा जाळ्यांकडे वळली. कुणीतरी चहा सांगितला.

निमेश सरळ साहेबाच्या छत्रीखाली शिरला.

“आणि योजनेतल्या बाकीच्या अकरा होड्या? त्याच साच्यातून काढल्यात सगळ्या. मेकॅनिक उशिरा आला म्हणून ही एक इथे आहे. त्या पहाटेच दर्यात गेल्या. एकेकीत सहा-सहा माणसं आहेत. मी सही केलेला आकडा खोटा आहे असं लिहून देतो, आत्ता, तुमच्याच पेनाने. नोकरी गेली तर गेली. पण त्यांना वायरलेसवरून माघारी कोण बोलावणार? तुम्ही की मी?”

साहेबाने गाडीकडे पाहिलं.

“तिकडे काय बघता? इकडे बघा, साहेब. कोण बोलावणार?”