निरोपाची रांग

पाठीला बांधलेलं लेकरू पहाटेपासून तापानं फणफणत होतं आणि दवाखान्याला कुलूप होतं. राखणदार म्हणाला, "सगळे विमानतळाच्या रस्त्यावर गेलेत. अध्यक्षसाहेब परदेशी चाललेत ना." सेनाम धावतच तिकडे गेली.

नर्स डेडे रांगेत उभी होती. अंगावर साहेबांचा चेहरा छापलेलं नवं कापड, हातात कागदी झेंडा. तिनं बाळाची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक होती. "रक्त चढवावं लागेल. मोठ्या इस्पितळात ने, आत्ताच्या आत्ता."

"कशानं नेऊ, ताई? गावात थेंबभर पेट्रोल नाही, टॅक्सी कुठली मिळायला?"

"साहेब तेच मागायला चाललेत म्हणे. मागच्या खेपेला गेले होते, तर नवा सूट घालून आले."

"मग तुम्ही तरी चला माझ्याबरोबर."

"गाड्या गेल्यावर हजेरी आहे, बाई. आज नाव चुकलं तर उद्या नोकरी नाही."

तेवढ्यात ढोल वाजू लागले. काळ्या गाड्यांमागून काळ्या गाड्या गेल्या आणि सगळ्यांच्या शेवटी, साहेबांना वाटेत काही झालंच तर म्हणून ठेवलेली, रिकामी रुग्णवाहिका आली. सेनाम गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपर्यंत थेट घुसली आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हाका मारू लागली. आजूबाजूला शेकडो बायका हात हलवत ओरडतच होत्या.

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, तो हसला आणि तिला हात करून पुढे निघून गेला.