लाल मफलर

नवं मशीन चालू झालं तेव्हा बाजीराव गेम-हॉलची फरशी पुसत होता.

“मामा, यल्ला, चला लवकर, इकडे या!” मॅनेजर श्याम ओरडला. तो महिन्यापूर्वीच मुंबईहून कतारला आला होता. “तुमच्या जपानी साहेबाचा गेम आलाय!”

बाजीराव सावकाश आला. नऊ वर्षांत त्याला कशाचीच घाई वाटली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी कुरोदासाहेब इथल्याच अल खोर शहराजवळच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि बाजीराव त्यांचा ड्रायव्हर. इथली वाहतूक आपल्या उलट, रस्त्याच्या उजवीकडून. साताऱ्याच्या गड्याला पिकअप हाकायला शिकताना नाकी नऊ आले होते. साहेबांकडे इथला परवाना नव्हता. ते कायम पांढरी टोपी घालून शेजारी बसायचे आणि चौकटीच्या कागदावर रस्ता काढायचे. उंट, पिंपं, टायरचा ढीग, सगळं जिथल्या तिथे.

“जे नाही, ते मी काढत नाही,” म्हणायचे.

एका दुपारी पिकअप डाव्या बाजूला घुसली. समोरून ट्रक आला. मागच्या हौद्यात बसलेला रंगनाथ जागीच गेला. रंगनाथ म्हणजे बाजीरावच्या बहिणीचा, अंजनाचा नवरा. बाजीराव वाळूत सापडला, डोकं फुटलेला. त्या दुपारचं त्याला आजही काही आठवत नाही.

कोर्टात साहेबांनी एवढंच सांगितलं, “बाजीरावला झोप लागली होती.”

हिंदुस्थानातली सवय नडली, असं लोक म्हणाले. बाजीरावनं जेल भोगली आणि पुन्हा चाकाला हात लावला नाही. “माझ्या दारात पाऊल टाकू नको,” असा अंजनानं निरोप धाडला, तेव्हापासून तो गावीही गेला नाही. आधी रडू यायचं. मग तेही यायचं थांबलं.

साहेब जपानला परतले, नोकरी सोडून गेम बनवू लागले. पहिले दोन आपटले. हा तिसरा, म्हणे, जगभर गाजतोय.

पडद्यावर वरून दिसणारी पांढरी पिकअप होती, टपाशिवाय काढलेली. आत डावीकडे पांढरी टोपी, उजवीकडे लाल ठिपका. मागे हौद्यात एक निळा.

बाजीरावचा हात गळ्यातल्या जुन्या लाल मफलरकडे गेला.

“हे तुम्हीच!” श्याम हसला. “उजवीकडे, चाकावर. जपानातही आपल्यासारखंच असतं ना. साहेब तुम्हाला विसरले नाहीत बरं! आणि मागचा निळा कोण?”

रंगनाथचा सदरा कायम निळा असायचा.

श्यामनं बटण दाबलं. पिंपं गेली, टायरचा ढीग गेला.

“मशीनमध्ये खोट आहे की काय? सारखं डावीकडेच ओढतंय!”

समोरून ट्रक आला. निळा ठिपका विझला. लाल उजव्या बाजूनं वाळूत उडाला. पांढरी टोपी जागच्या जागी राहिली.

“गेलात मामा!” श्याम म्हणाला. “असं झोपून गाडी चालवतात होय?”

बाजीरावनं पडद्यावरच्या पांढऱ्या टोपीवर बोट ठेवलं.

“गाडी जपानातली न्हाई, श्याम,” तो म्हणाला. “ही आमचीच पिकअप हाय. कतारात चाक डावीकडं असतंय.”