खडूची फुली

जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि विकायचं, हा तिचा धंदा. हे तिसरं घर. आई म्हणायची, पोरीला माणसं कळत नाहीत, भिंती बरोबर कळतात.

बाथरूमची प्रत्येक टाइल ती किल्लीने दोनदा वाजवायची. पोकळ वाजली, की मिस्त्रीकाका तिच्यावर खडूने फुली मारायचे. फुली म्हणजे फोडायची, तिथे दयामाया नाही.

त्या दुपारी सगळी भिंत भरीव निघाली. "नशीब काढलंत, ताई," म्हणत काकांनी खडू खिशात टाकला. ती दमून त्याच भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. टक, टक. जरा थांबून, पुढच्या टाइलवर पुन्हा टक, टक.

"शेजाऱ्यांनीही काम काढलंय वाटतं."

"शेजारी कुठले?" काका म्हणाले. "या भिंतीपलीकडे तीन मजले नुसती हवा आहे."

आवाज कोपऱ्यापासून ओळीने येत होता. घाई नाही, एकही टाइल सोडत नव्हता, अगदी तिच्यासारखा. तिच्या खांद्याजवळ आला. मग बरोबर पाठीमागे दोनदा वाजला, आणि या वेळी पोकळ वाजला. तिला तो छातीत जाणवला.

ती झटकन पुढे सरकली आणि वळून पाहू लागली. भिंत कोरी होती.

"काका, ऐकलंत ना?"

काका भिंतीकडे बघतच नव्हते. ते खिसा चाचपत होते.

"खडू तर माझ्याकडेच आहे," ते हळूच म्हणाले. "मग ताई, तुमच्या पाठीवर फुली कोणी मारली?"