वातीवरची मेथी

वरची माती विषारी होऊन अकरा वर्षं झाली होती. जमिनीखालच्या वस्तीतल्या चौसष्ट माणसांना पिकवून खायला आता एकच खोली उरली होती. तिथे पाण्यावरची शेती कोणत्या पद्धतीनं करायची, हे कृषितज्ज्ञ सुनेत्रा केळुसकरला आज ठरवायचं होतं.

"पंपानं मुळांवर पाणी फवारायची ती तुषारांची पद्धत घे," स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गुलाबमावशी म्हणाल्या. "बटाटे ढिगानं येतील. पोरं कधीची वाट बघताहेत."

"मावशी, मी वातीची घेतेय. पाण्यात सुती वात सोडली की मुळांना ओल मिळते, पंप लागत नाही. मेथी लावू."

"मेथीनं चौसष्ट पोटं भरतात होय?" मावशी उसळल्या.

सुनेत्रा मेथीचं बी मोजू लागली. तिचा नवरा रघुवीर वीजघर सांभाळायचा. वीज फार तर चाळीस दिवस पुरेल, असं त्यानं काल फक्त तिलाच सांगितलं होतं. मग दिवे जातील आणि हवा आत ओढणारे पंखेही थांबतील. बटाट्याला नव्वद दिवस लागतात.

मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज उतरला.

"मेथी किती दिवसांत येते गं?"

"पंचवीस."

"आणि आपल्याकडे किती आहेत?"

"चाळीस," सुनेत्रा म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

पदरानं डोळे पुसत मावशी म्हणाल्या, "मग दुसऱ्यांदा पेरलेली पंधरा दिवसांत कोवळीच उपटू. पोरांना कोवळी आवडते."